पाठमोरी खुर्ची

मी जिथे काम करते त्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर एकक बदलायचं बटण आहे. एकदा दाबलं की नॅनोओहमचे मायक्रोओहम होतात, पुन्हा दाबलं की मिलीओहम. टिंब आपसूक सरकतं, शून्यं आपसूक येतात-जातात. शेजारचा सहकारी हे बटण लिफ्टचं दाबावं तसं न बघता दाबतो. मीही दाबते, पण दाबल्यावर क्षणभर थांबते. मागून कुणी काही म्हणतंय का, याची वाट बघते. ही सवय आत्याच्या खोलीतली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिची खोली रस्त्यापेक्षा खाली होती, अर्धी जमिनीत. खिडकी छताला लागून, आणि त्या खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. शाळा सुटली की मी घरी न जाता तिथे जायचे, कारण आई-बाबा दोघंही कामावर असायचे. कोण आलं हे आम्ही चपला-बुटांवरून ओळखायचो. आत्या मान वर न करता म्हणायची, "घाईसाहेब आले. टाचा बघ, जमिनीला लागतच नाहीत."

घाईसाहेब एका मोठ्या कारखान्यातून तांब्याच्या पट्ट्या घेऊन यायचे. त्या कारखान्यात वीज तारेतून नव्हे, तळहाताएवढ्या रुंद पट्ट्यांतून वाहायची. दहा-दहा हजार अँपिअर. पट्टी लांब हवी म्हणून दोन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, आणि जोड आला की तिथे थोडा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, वाढायचा. थोडा म्हणजे ओहमच्या काही अब्जांशांनी. चांगल्या जोडात वाया जाणारी वीज एखाद्या जुन्या बल्बाएवढी. तोच रोध दहापट झाला की त्या जागी भिंतीत शेगडी पेटवून ठेवल्यासारखं. बल्ब आणि शेगडी यांच्यात कागदावर एका शून्याचा फरक. आत्याचं काम ते शून्य सांभाळायचं. जोड मोजायचा, चांगला असला तर पट्टीच्या कडेवर हातोडीने तिचा ठसा उमटवायचा.

मोजायची रीत मला तिने फार लहानपणी दाखवली. पट्टीला चार पकडी लावायच्या. दोन जाड तारांच्या पकडी बाहेरच्या बाजूला, त्या प्रवाह नेणार. दोन बारीक तारांच्या आत, जोडाच्या अलीकडे-पलीकडे, त्या नुसत्या ऐकणार.

"दोनच का नाही लावायच्या?" मी विचारलं होतं.

"जो ओझं वाहतोय त्यालाच ओझं किती म्हणून विचारायचं नाही. तो त्यात स्वतःचं दुखणंही मिळवतो."

पुढे कॉलेजात चार तारांनी रोध मोजायची पद्धत शिकवली तेव्हा सरांनी अर्धा फळा भरला. माझ्या वहीत मी आत्याचं वाक्य लिहिलं आणि पुढे समीकरण.

पकडी लावल्यावर थांबावं लागायचं. बोटांची ऊब धातूत उतरलेली असते, आणि दोन वेगळे धातू भेटतात तिथे तेवढ्या उबेनेही बारीकशी वीज तयार होते. जोडाचा आकडाच इतका लहान, की हाताची ऊब त्याहून मोठी ठरते. म्हणून ती ऊब जाईपर्यंत नुसतं बसायचं. त्या वेळात आत्या बोलायची. खिडकीतल्या चपलांच्या मालकांबद्दल, लहानपणी बाबा अंघोळीला कसे लपून बसायचे त्याबद्दल, तिला कॉलेजात का जाता आलं नाही त्याबद्दलही, पण ते थोडक्यात. माझं निम्मं बालपण मी तांबं गार होण्याची वाट बघत ऐकलेलं आहे.

मग आकडा. यंत्र जुनं होतं आणि एकच भाषा बोलायचं: नॅनोओहम. कारखान्याच्या कागदावर मात्र रकाना मिलीओहमचा.

"मोहरीचं वजन क्विंटलमध्ये मागतात," आत्या म्हणायची.

"छापून आलंय तसं," घाईसाहेब म्हणायचे. "मी काय करू बाई? मी फक्त घाई करतो."

नॅनोचं मायक्रो म्हणजे टिंब डावीकडे तीन घरं, मायक्रोचं मिली म्हणजे आणखी तीन. सांगायला सोपं. पण दिवसभर पट्ट्या वाचून डोळे शिणले की शून्य कधी जास्तीचं येऊन बसतं कळत नाही. म्हणून आत्याने मला शिकवायला कपडे वाळत घालायची दोरी वापरली होती. जोड पुसायच्या फडक्यांचे चौकोन कापून त्यांवर रंगाने आकडे काढलेले. ते दोरीवर ओळीने टांगायचे आणि एक लाल चिमटा टिंब म्हणून. आठशे पन्नास नॅनोओहम असले की आठ, पाच आणि शून्य टांगायचे, लाल चिमटा शेवटी लावायचा, आणि मग तो एकेक फडकं ओलांडत डावीकडे न्यायचा. फडकी संपली की शून्याची नवी टांगायची. शून्यं सगळ्यांत जास्त लागायची, त्यामुळे तीच आधी विरली. माझं घरातलं नाव टिंबू पडलं ते याच दोरीखाली, कारण मी एका जागी राहत नसे.

त्या खोलीचा एक नियम होता. वाचायला दोघं लागायची. यंत्रासमोरच्या खुर्चीत बसणारा आकडा बघून मिलीओहममध्ये मोठ्याने सांगणार. दुसरी खुर्ची यंत्राकडे पाठ करून ठेवलेली. तिथे बसणाऱ्याने ऐकलेला आकडा उलटा फिरवून नॅनोओहममध्ये परत सांगायचा. पहिल्याला तो समोरच्या आकड्याशी जुळला की पहिला म्हणणार "हं", आणि ठसा. दोघांपैकी कुणालाही शंका आली तर एकच शब्द म्हणायचा: "पुन्हा". कोण चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. पकडी सोडायच्या, परत लावायच्या, ऊब जाऊ द्यायची, परत वाचायचं.

"चुकलीस म्हटलं की माणूस आकड्याची बाजू घेऊन भांडतो," आत्या म्हणायची. "पुन्हा म्हटलं की पट्टीकडे बघतो."

पाठमोऱ्या खुर्चीत पूर्वी तिचा एक म्हातारा मदतनीस बसायचा. तो गेल्यावर मी बसू लागले. मी चुकले की ती "पुन्हा" म्हणायची, ती चुकली की मी. मी जेमतेम टेबलाएवढी होते, पण त्या एका शब्दात आमच्यात वयाचा फरक उरत नसे. लाड म्हणून तिने माझा चुकीचा आकडा एकदाही पास केला नाही.

मग मी शिकले, नोकरीला लागले, आत्याकडे जाणं कमी झालं. तिने शेजारच्या शिंपीणबाईंना पाठमोऱ्या खुर्चीत बसायला तयार केलं होतं. आणि गेल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात आत्याच्या मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली.

हात-पाय वाचले. गेले ते शब्द, तेही सगळे नाहीत. ती बोलायची, पण हवा तो शब्द हाताशी यायचा नाही आणि भलताच यायचा. चष्मा हवा असला की म्हणायची, "ती छत्री दे." किल्ली हवी असली तरी छत्री. सुरुवातीला आम्ही खरोखरच छत्री आणून द्यायचो आणि ती कपाळाला हात लावायची. आकड्यांचं त्याहून वाईट होतं. बाबांनी वय विचारलं तर तिने फोन नंबरासारखं काहीतरी सांगितलं, आणि सांगतानाच तिला कळलं की हे नव्हे. ते कळणं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. मला ते बघवायचं नाही.

बाबांनी ठरवलं होतं की खोली बंद करायची आणि आत्याला आपल्याकडे आणायचं.

"ताई, एकटी किती दिवस राहशील? आणि चुकून एखादी वाईट पट्टी गेली तर? तिथे माणसं काम करतात."

"मला शिकवतोस?" आत्या म्हणाली. हे वाक्य मात्र सरळ आलं. चिडली की शब्द तिच्या बाजूने यायचे.

शेवटी अट तिनेच घातली. घाईसाहेबांची एक खेप खोलीत येऊन पडली होती. ती खेप ती वाचणार. सगळ्या पट्ट्या बरोबर वाचल्या तर बाबांनी पुन्हा हा विषय काढायचा नाही. एक जरी चुकली तर किल्ली बाबांच्या हातात. "पाठीला टिंबू," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. म्हणजे पाठमोऱ्या खुर्चीत मी.

बाबा मला दारात बाजूला घेऊन म्हणाले, "तिला वाचवायला म्हणून काही करू नकोस. तू शास्त्र शिकलीयस."

"तुम्हाला ती चुकायला हवीय का?"

"मला ती घरी हवीय," बाबा म्हणाले, आणि चप्पल घालून निघून गेले. संध्याकाळी येतो म्हणाले.

सकाळी खोली उघडली तेव्हा तोच वास होता, तांबं, स्पिरिट आणि भिंतीची ओल. दोरी अजून होती. तिच्यावर फडकी नव्हती, नुसता लाल चिमटा, उन्हाने गुलाबी पडलेला. आत्याने यंत्र चालू केलं, खुर्चीवर हात फिरवला आणि बसली. मी पाठ करून बसले. समोर कपाट, त्यावर कॅलेंडर, आत्या आजारी पडली त्या महिन्याच्या पानावर थांबलेलं.

पहिली पट्टी. पकडी लावल्याचा आवाज आला. मग शांतता. पूर्वी या शांततेत ती बोलायची. मी वाट बघितली, मग मीच सुरू केलं. आमच्या प्रयोगशाळेतला सहकारी डबा उघडायच्या आधी वास घेऊन भाजी ओळखतो आणि नेहमी चुकतो, असं काहीतरी. ती हसली.

"शून्य पॉइंट," ती म्हणाली. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "शून्य. शून्य. शून्य. आठ. पाच."

मी मनात लाल चिमटा उजवीकडे सरकवला. सहा घरं. "आठशे पन्नास."

"हं," आत्या म्हणाली. हातोडी वाजली.

दुसरी आठशे ऐंशी. तिसरी नऊशे दहा. सगळे जोड चांगले होते. त्या मापाच्या अखंड पट्टीचा, म्हणजे जोड नसलेल्या नुसत्या तांब्याचा रोध आठशेच्या आसपास असायचा. उत्तम जोड तिथवर येतो, त्याखाली जात नाही. दोन हजारांच्या वर गेलेला जोड बाद. कामाला एक ठेका आला. शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य, आणि मग दोन आकडे. आत्याचा आवाज मोकळा होत गेला. एकदा तर वाट बघताना ती स्वतःहून बोलली. "तुझा बाप. अंघोळ. पिंपात." पिंपात लपलेल्या बाबांची ती गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. तीन शब्दांत ती मला पहिल्यांदाच ऐकायला मिळाली, आणि पूर्ण कळली. मला वाटायला लागलं की ती जिंकणार.

दुपारचा चहा झाल्यावरची पट्टी. पकडी, थांबणं, मग यंत्रातून बारीक आवाज आला. टक्.

हा आवाज मला ओळखीचा होता. दोन हजारांच्या वर आकडा गेला की ते यंत्र आतला टप्पा बदलायचं, आणि बदलताना असं वाजायचं. सकाळपासून ते एकदाही वाजलं नव्हतं.

"शून्य पॉइंट," आत्या म्हणाली. "शून्य शून्य शून्य. आठ सात."

मी मनात चिमटा सरकवला. आठशे सत्तर. पण आठशे सत्तरला यंत्र वाजत नाही. वाजलं आहे म्हणजे समोर हजारांत काहीतरी आहे. आठ हजार सातशे असणार. म्हणजे टिंबानंतर दोनच शून्यं हवीत. तिने तीन म्हटली होती.

"आठशे सत्तर," मी म्हणाले, कारण नियमाप्रमाणे ऐकलेल्या आकड्याचं तेच होतं. आणि मनातल्या मनात तिला म्हणत राहिले, समोर बघ ना आत्या, समोर आठ हजार आहेत.

"हं," आत्या म्हणाली. तिने हातोडी उचलल्याचं मला ऐकू आलं.

कपाटाकडे बघत मी एका श्वासात बरंच काही ठरवून पाहिलं. पट्टी नंतर हळूच बाजूला काढता आली असती. घाईसाहेबांना कानात सांगता आलं असतं. किल्ली आत्याकडे राहिली असती आणि वाईट जोडही कारखान्यात गेला नसता. कुणाचं काही बिघडलं नसतं. मग पुढच्या खेपेला मी पाठीला नसते, शिंपीणबाई असत्या, आणि त्यांना तो आवाज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

"पुन्हा," मी म्हणाले.

हातोडी टेबलावर ठेवली गेली. पकडी सुटल्या, परत लागल्या. आम्ही ऊब जायची वाट बघत बसलो. या वेळी दोघींपैकी कुणीच काही सांगितलं नाही. वर खिडकीत कुणाचे तरी बूट येऊन थांबले आणि निघून गेले.

टक्.

"वाजलं," आत्या म्हणाली.

"हो."

"मघा?"

"मघाही."

मग म्हणाली, "शून्य पॉइंट शून्य शून्य," आणि अडकली. पुढे तिसरं शून्य येऊ पाहत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती, हे मला पाठ करूनही दिसत होतं. खुर्ची सरकली. मी मागे वळले. नियमात ते बसत नव्हतं, पण वळले.

आत्या टेबलाचा खालचा खण उघडून फडकी शोधत होती. आठ सापडला, सात सापडला. शून्यांतली जी धड उरली होती ती तिने काढली. दोरीवर टांगली. आठ, सात, शून्य, शून्य. लाल चिमटा शेवटी लावला. मग तो काढला आणि एकेक फडकं ओलांडत डावीकडे नेऊ लागली. ओठ हलत नव्हते. आठही ओलांडल्यावर तिने आणखी एक शून्य टांगलं, मग आणखी एक, त्याच्या डावीकडे चिमटा लावला आणि हात मागे घेतला.

टिंब, दोन शून्यं, आठ, सात.

ती दोरीकडे बघत उभी राहिली. मग स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला.

"याला येतं," ती म्हणाली. आणि तोंडाकडे बोट दाखवून, "याला नाही."

तिने त्या पट्टीवर खडूने फुली मारली आणि पट्टी भिंतीला लावून ठेवली. मग कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली, फार सावकाश, जशी ती पकडी लावायची. मी काहीतरी बोलायला गेले. तिने हाताने थांबवलं.

"उरलेल्या," ती म्हणाली. "घाई येईल. तू वाच."

आणि ती पाठमोऱ्या खुर्चीत जाऊन बसली. एवढ्या वर्षांत तिला तिथे बसलेली मी पाहिली नव्हती. तिचा अंबाडा, मानेवरची सैल झालेली चैन, खुर्चीच्या पाठीवरून दिसणारे अरुंद खांदे. मला एकदम लक्षात आलं की इतकी वर्षं तिला मीही अशीच दिसत असणार, फक्त वेणीसकट.

मी यंत्रासमोर बसले. पट्टी लावली, थांबले, वाचलं. "शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य आठ आठ."

नियमाप्रमाणे तिने आठशे ऐंशी म्हणायला हवं होतं. ती नुसतं "हं" म्हणाली. नॅनोओहममधला आकडा तिच्या तोंडून येणार नव्हता, हे दोघींना माहीत होतं. मी समोरचा आकडा स्वतःच पुन्हा ताडून घेतला आणि ठसा मारला. हातोडी माझ्या हातात जड लागली. दुसरी पट्टी, "हं". तिसरी, "हं". मला वाटलं, ती माझं मन राखायला बसली आहे. मी पटापट वाचू लागले. घाईसाहेबांची वेळ होत आली होती. शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य नऊ चार. हं. शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य नऊ सात. हं.

"शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य एक शून्य सहा."

"पुन्हा," आत्या म्हणाली.

मी यंत्राकडे पाहिलं. आकडा स्थिर होता, आवाज झाला नव्हता, पकडी घट्ट होत्या. तिचं काहीतरी बिनसलं असणार, असं माझ्या मनात आलं. तरी नियम म्हणून पकडी सोडल्या, परत लावल्या, ऊब जाऊ दिली. आकडा तोच. मी तेच वाचलं, थोडं हळू.

"पुन्हा."

"आत्या, तोच आहे गं."

ती वळली नाही. बोटांनी खुर्चीच्या दांड्यावर वाजवत शब्द शोधत राहिली. एक आला, तो नको होता, तिने मान हलवून तो घालवला. मग म्हणाली, "इतकं चांगलं कुणी नसतं."

"काय?"

"तांबं," ती म्हणाली. "इतकं चांगलं. कुठून आणलंस?"

मग मी यंत्रावरचा आकडा पहिल्यांदा नीट पाहिला. एक हजार साठ. मी वाचलं होतं ते होतं एकशे सहा. अखंड तांब्याच्याही खाली, कितीतरी खाली; असा जोड जगात नसतो. सकाळपासून सगळ्या पट्ट्या हजाराच्या आतल्या, म्हणून तीन शून्यांचा ठेका जिभेवर बसलेला. ही पहिली हजाराच्या वरची. चांगलीच पट्टी, पास होणारी, पण शून्यं दोनच. तिसरं मी ठेक्यात म्हणून गेले होते. दोनदा. पदवी घेतलेली, धडधाकट डोक्याची मी. आणि शून्य तेच, जे दुपारी तिच्या तोंडी आलं होतं.

"शून्य पॉइंट शून्य शून्य एक शून्य सहा," मी म्हणाले.

"हं," आत्या म्हणाली.

मी ठसा मारला. मग तशीच बसून राहिले. तिला तोंडाने साधी तारीख सांगता येत नव्हती. पण पाठीमागून आलेल्या आकड्याला वजन किती, ते तिला कळत होतं, आणि एक शून्य जास्त झालं की टोचत होतं. डॉक्टरांनी शब्दांची, आकड्यांची तपासणी केली होती. असली तपासणी त्यांनी केली नव्हती, आणि ते तरी कशी करणार.

शेवटच्या दोन पट्ट्या वाचून होईतो खिडकीत बाबांच्या चपला आल्या. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला. त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

"घाबरतोय," आत्या म्हणाली. "लहानपणापासून."

बाबा खाली आले. आधी त्यांना टेबलावरची किल्ली दिसली, मग भिंतीला टेकवलेली फुलीची पट्टी, मग खुर्च्यांत आमची झालेली अदलाबदल.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"एक चुकले," आत्या म्हणाली. "किल्ली घे."

बाबांनी किल्लीला हात लावला नाही. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

"मीही चुकले, बाबा," मी म्हणाले. "अगदी तीच चूक. समोर आकडा बघूनही कळली नाही. हिने तिथे बसून पकडली."

"बघितल्याशिवाय?"

"बघितल्याशिवाय."

बाबा आत्याकडे वळले. "ताई, मग काय करायचं?"

आत्याने ते आधीच ठरवलेलं होतं, फक्त सांगायचं कसं ते जुळवत होती. "राहायला येते," ती म्हणाली. "तुझ्याकडे. पण ही छत्री माझी."

बाबांनी कोपऱ्यात बघितलं. कोपऱ्यात छत्री नव्हती. आत्याने वैतागून पाठमोऱ्या खुर्चीच्या दांड्यावर दोनदा थाप मारली.

"खुर्ची म्हणतेय," मी म्हणाले.

"कळलं मला," बाबा म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले, जो स्वच्छ होता.

त्यानंतर आत्या आमच्याकडे राहायला आली. आठवड्याच्या सुटीला बाबा मला किल्ली द्यायचे आणि आम्ही दोघी खोली उघडायचो. मी वाचायचे, ती पाठ करून बसायची. घाईसाहेबांना आम्ही सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला दोन खुर्च्या भरलेल्या दिसल्या की बास, कोण कुठे ते तुमचं तुम्ही बघा," आणि ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त देऊ लागले, जो त्यांच्या लेखी मोठाच त्याग होता. तसं वर्षभर चाललं. मग कारखान्याने स्वतःचं यंत्र घेतलं, बटणाचं, आणि खोली रिकामी झाली. आता तिथे कुणीतरी चपला दुरुस्त करतो. खिडकीचा त्याला उपयोग होत असणार.

दोरी मी सोडवून आणली. फडकी आणायच्या लायकीची नव्हती. लाल चिमटा माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर वायरींना धरून बसलेला असतो आणि सहकाऱ्याला वाटतं की तो वायरींसाठीच आहे.

संध्याकाळी घरी गेले की आत्या बाल्कनीत रस्त्याकडे तोंड करून बसलेली असते. तिथून माणसं डोक्यापासून दिसतात, त्यामुळे ओळखू येत नाहीत, अशी तिची तक्रार आहे. मी मागे उभी राहून दिवसभरातला एखादा आकडा मिलीओहममध्ये सांगते, सोबत पट्टीचं माप. ती "हं" म्हणते. कधी मी जाणूनबुजून एखादं शून्य वाढवते. तेव्हा ती "पुन्हा" म्हणत नाही, नुसती हसते आणि माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढते. परवा मात्र मी आकडा सरळ सांगितला होता, निदान मला तसं वाटत होतं, आणि ती न वळता म्हणाली, "पुन्हा."

मी पिशवीतून कागद काढला आणि दिव्याखाली गेले.